आगाप छाटणी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन येतो. गणपती पेठेतलं माझं हार्डवेअरचं दुकान दीड ते चार बंद असतं, हे सांगलीतल्या प्रत्येक प्लंबरला ठाऊक आहे, आणि त्या वेळात मला कोणी उठवत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, पेठेत होड्या फिरल्या, तेव्हासुद्धा दुपारी दोनला मला कुणी फोन केला नव्हता. ज्यांना करायचे होते त्यांनी सकाळीच केले.

फोनवरची मुलगी गोड बोलते, ही पहिली अडचण. रागावता येत नाही.

"सर, पाल्य आठवीत ना?"

मी अर्धवट झोपेत हो म्हणतो.

"सेमी-इंग्लिश?"

हो.

"मग फाउंडेशन लावलंय का कुठं?"

नाही म्हटलं की पलीकडं क्षणभर शांतता पसरते. रिपोर्ट बघून डॉक्टर चष्मा काढतात, तेव्हा असते तशी. मग हळूच, "थोडा उशीर झालाय सर. पण हरकत नाही, कव्हर करू."

माझा नंबर यांना मिळाला कुठून, याचा मी छडा लावला. आमच्या कन्येनं सातवीत एका चित्रकला स्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता 'माझे आवडते फळ'. तिनं द्राक्षांचा घड काढला, उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक कंपास मिळाला आणि फॉर्मवर पालकांचा मोबाइल नंबर लिहून घेतला गेला. त्या कंपासमधला कर्कटक दुसऱ्या दिवशी मोडला. फोन चालू आहेत.

आता मुद्द्याची तक्रार. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा सहावीत आहे. त्याच्या वडलांनाही फोन येतात, आणि त्यांनाही 'थोडा' उशीर झालेला आहे. समोरच्या बंगल्यातली मुलगी नववीत, तिलाही थोडाच. सहावीत थोडा, आठवीत थोडा, नववीत थोडा. मुलाचं वय कितीही धरा, उशीर जागचा हलत नाही. मी त्या गोड मुलीला एकदा विचारलं, की उशीर झाला नव्हता अशी तारीख नेमकी कोणती होती? सांगा, मी कालनिर्णयवर गोल करून ठेवतो. ती म्हणाली, "सर, तुम्ही एकदा सेंटरला व्हिजिट द्या."

उशिराचे आमच्या घरातले जाणकार म्हणजे साताऱ्याचे दाजी. माझ्या आक्काचे यजमान. त्यांना भेटल्यावर लोक पाऊसपाण्याचं विचारतात, ते लोकांना मुलाची इयत्ता विचारतात. त्यांचा धाकटा, म्हणजे माझा भाचा, चौथीत होता तेव्हाच त्यांनी नवोदयची पुस्तकं आणली. नवोदय जिल्ह्याला एक, साताऱ्याचं खावलीला, आमचं पलूसला, आणि सहावीच्या वर्गात जागा 80. त्याच्या जोडीला सैनिक स्कूल, कारण देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 पासून साताऱ्यात उभं असताना आपला मुलगा बाहेरून नुसता भिंत बघतो, हे दाजींना सहन होण्यासारखं नव्हतं. मग शिष्यवृत्ती. ती आधी चौथी-सातवीला असायची. सरकारनं 2016-17 पासून पाचवी-आठवीला नेली. हा निर्णय दाजींनी व्यक्तिगत घेतला. पोराची चौथीची तयारी पूर्ण झाली होती, आणि तयार पोर घेऊन वर्षभर थांबायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. पुढं होमी भाभा, मंथन, आठवीत एनएमएमएस, मग फाउंडेशन, मग अकरावी-बारावी इंटिग्रेटेड, मग एक वर्ष ड्रॉप. भाचा सध्या पुण्यात कॉमर्स करतो. आनंदात आहे, वजनही वाढलंय. ही गोष्ट दाजी कुणाला सांगत नाहीत.

त्यांनीच माझ्या बायकोला सांगितलं, "वैनी, मी केलेली चूक तुम्ही करू नका. मी चौथीत सुरू केलं."

त्यामुळं आम्ही व्हिजिट दिली. रविवारी, विश्रामबागच्या एका मंगल कार्यालयात पालक मेळावा होता. लग्नाच्याच खुर्च्या, लग्नाचंच स्टेज, मागं कुणाच्या तरी नावाची थर्मोकोलची अर्धी अक्षरं तशीच. चहाचा कप असा, की त्यात बिस्कीट उभं राहीना. बाहेरगावाहून आलेले एक काउन्सेलर सर सूट घालून बोलत होते. एप्रिलचा महिना होता.

पहिल्या ओळीत आमच्या अण्णांना बसवलं होतं. ते वडील माणूस म्हणून आले होते; घरात कोण एकटं राहणार, हेही एक कारण. सर म्हणाले, "आता मुलं कोट्यात पाठवायची गरज नाही." अण्णांनी मान मागं वळवून मला मोठ्यानं विचारलं, "आपण कोणत्या कोट्यात बसतो रे?" चार-पाच पालक वळून बघायला लागले. राजस्थानातल्या गावाचं नाव आहे ते, असं मी सांगेपर्यंत सर लातूर पॅटर्नवर पोचले होते. लातूर म्हटल्यावर अण्णा पुन्हा जागे झाले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते बघायला अण्णा स्टेशनवर गेले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर. "आम्ही पाणी पाठवलं," अण्णा शेजारच्यांना सांगत होते, "त्यांनी बदल्यात हे पाठवलं होय."

सरांनी पडद्यावर एक तक्ता लावला. आडव्या ओळीत वय, उभ्या ओळीत कोणत्या वयात काय झालेलं असलं पाहिजे. तेराव्या वर्षी बेसिक, चौदाव्या वर्षी कन्सेप्ट, पंधराव्या वर्षी अकरावीचा निम्मा भाग. पंखा लांब होता आणि झोप तर कायमचीच शिल्लक, म्हणून मी मनातल्या मनात त्या तक्त्यात आपल्या भागातली माणसं बसवून बघायला लागलो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्याच्या राजवाड्याजवळच्या शाळेत, ज्याला आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, त्यांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला पडलं. वय साडेनऊ, इयत्ता इंग्रजी पहिली. पुढं 1913 ला कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. शेवटच्या दोन रकान्यांना सरांची काही हरकत नसावी, पण साडेनऊच्या खाली त्यांनी 'वैदिक गणित आणि अबॅकस पूर्ण' असं लिहिलं होतं. तो 7 नोव्हेंबर महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाच्याला एका वर्षी त्या दिवशी शाळेत भाषण करायचं होतं. टेस्ट होती म्हणून जमलं नाही.

दुसरे यशवंतराव चव्हाण. जन्म 1913 चा, देवराष्ट्रे. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली, म्हणजे दोन्हीकडच्यांनी फ्लेक्सवर फोटो लावायला मोकळीक. मॅट्रिक झाले 1934 साली. एकविसाव्या वर्षी. मधला काही काळ स्वातंत्र्याच्या चळवळीपायी तुरुंगात गेला होता. तक्त्यात एकविसाव्या वर्षापुढं 'प्लेसमेंट' होतं. मधल्या वर्षांसाठी एकच रकाना मोकळा होता, तो 'ड्रॉपर बॅच'चा.

कर्मवीरांना मी तक्त्यात बसवलंच नाही. स्वतः मॅट्रिक न झालेल्या माणसानं 1919 ला काल्यासारख्या गावात रयत शिक्षण संस्था काढावी, हे कोणत्या रकान्यात घालायचं?

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी हात वर केला. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या, की कोचिंग सेंटरांनी 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा. आमची मुलगी तेरा वर्षांची आहे, तर कसं? सरांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. "खूप छान प्रश्न. आपण प्रवेश देतच नाही. आपण नोंदणी करतो." टाळ्या पडल्या. बायकोनं माझा हात खाली ओढला.

दुसरा प्रश्न दाजींचा होता. ते खास साताऱ्याहून एसटीनं आले होते. 2024 ला जेईई मेनला देशात 14 लाखांच्या वर मुलं बसली, आणि आयआयटीच्या सगळ्या मिळून जागा 17,740. "म्हणजे जवळपास ऐंशीत एक," दाजी म्हणाले, "बरोबर ना सर?" सर म्हणाले, "आपण त्या एकाचा विचार करायचा." कार्यालयात खुर्च्या तीनशे होत्या. प्रत्येक खुर्चीवरचा माणूस त्या एकाचा विचार करू लागला. मीसुद्धा.

मग स्कॉलरशिप टेस्ट झाली. तीत कन्येला 90 टक्के स्कॉलरशिप मिळाली. घरी ही बातमी पेढे आणण्याइतकी मोठी ठरली. साताऱ्याहून दाजींनी कंदी पेढे पाठवले. पेढे वाटताना कळलं, की वरच्या मजल्यावरच्या सहावीतल्या मुलालाही 90 टक्के, समोरच्या नववीतलीलाही 90, आणि टेस्टच्या दिवशी ताप असल्यानं जो गेलाच नाही, त्याला 75. ही सवलत ट्यूशन फीवर होती. मटेरियल, टेस्ट सिरीज, ॲप, बॅग आणि टी-शर्ट यांवर नव्हती. उरलेल्या रकमेत दोन बाथरूमचं फिटिंग निघालं असतं, शॉवरसकट.

मटेरियलचं वजन मी दुकानातल्या काट्यावर केलं. साडेअकरा किलो. ते ठेवायला घरात जागा नसल्यानं स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर गेलं. फिजिक्सच्या दुसऱ्या भागाला वर्षभराच्या हळदीचा वास येतो. कन्या म्हणते, त्यातला एकही धडा वर्गात काढत नाहीत, प्रिंट वेगळे देतात. बॅग मात्र चांगली आहे. मी वसुलीला जाताना तीच नेतो. टी-शर्टच्या पाठीवर 'फ्यूचर आयआयटीयन' असं आहे. तो घालून ती गणपतीच्या देवळात गेली, तर एका आजीनं ओळखदेख नसताना तिला अकरा रुपये दिले. तिनं ते परत करायला हवे होते का, यावर घरात दोन दिवस वाद चालला.

आमच्या घरापासून विलिंग्डन कॉलेज चालत जायच्या अंतरावर आहे. 1919 पासून आहे. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज त्याहून जवळ. 1947 ला न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं, तिथं जागा मिळावी म्हणून महाराष्ट्रातली मुलं धडपडतात. या दोन्हींच्या वाटेवर क्लासांचे फ्लेक्स आहेत. पुष्पराज चौकाकडं जाताना मोजत गेलो, तर एकच मुलगा तीन फ्लेक्सवर दिसला. तीन वेगळे टी-शर्ट, चेहरा तोच, पर्सेंटाइलचे दशांशही तेच. साताऱ्यात पोवई नाक्यावरही तोच आहे, असं दाजी म्हणाले. इतक्या ठिकाणी जाऊन तो अभ्यास कधी करत असेल, ही काळजी फक्त अण्णांना वाटते.

पण हे सगळं सोसण्यासारखं आहे. मला लागलंय ते मटण.

टेस्ट रविवारी असते. दहा ते एक एक पेपर, दोन ते पाच दुसरा, मग 'ॲनालिसिस'. आमच्या घरी, अण्णांच्याही आधीपासून, रविवारी मटण होतं. सकाळी आठला पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं, कोण कुठला पीस मागतो ते बघायचं, रांगेत ऊसदरावर भांडायचं, साडेबाराला घरभर वास, दीडला जेवण, त्यानंतर जी झोप येते तिला मी आयुष्यात कधी अडवलं नाही. बायको म्हणाली, पोर डब्यात चपाती-भाजी घेऊन तिथं बसणार आणि आपण इथं रस्सा ओरपायचा, हे बरं दिसत नाही. मटण बुधवारावर गेलं. बुधवारी मटण मिळतं, ताजं मिळतं, वाटण तेच, चटणी तीच. पण बुधवारी रांग नसते. पिशवी पुढं केली की लगेच मिळतं. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी फोन येतो, कारण क्लास लावला म्हणून बाकीच्यांचे फोन थांबलेले नाहीत. आता ते सांगतात, की आम्ही चुकीच्या ठिकाणी लावलाय.

रविवारसोबत दोन लग्नं गेली, एक बारसं गेलं, हुरडा गेला. सप्टेंबरात कासला फुलं बघायला जायचं दाजींनी ठरवलं होतं. फुलांचाही हंगाम ठराविक आठवड्यांचा आणि टेस्ट सिरीजचाही. फुलं पुढच्या वर्षी येतात, असं बायको म्हणाली.

भाषाही बदलली आहे. पूर्वी कन्येला शंका यायच्या, आता 'डाउट' असतात, आणि ते काउंटरवर विचारायचे असतात, सहा ते साडेसहा. राहून गेलेल्या अभ्यासाला 'बॅकलॉग' म्हणतात. मला वाटायचं, तो फक्त माझ्या उधारीच्या वहीत असतो. सगळ्यात त्रास होतो निगेटिव्ह मार्किंगचा. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर वजा एक, सोडून दिलं तर शून्य. तेव्हा खात्री नसेल तर प्रश्न सोडायचा, असं क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवलं. हे तिला इतकं पटलं, की आता घरातही ती खात्री असल्याशिवाय बोलत नाही.

"पेपर कसा गेला?" गप्प.

"भूक लागलीय का?" जरा विचार करते. गप्प.

"आज्जीची आठवण येते का?" ही तर अवघडच गोष्ट. सोडून देते.

अण्णा म्हणतात, पोरगी हुशार झाली. वकिलाशी बोलावं तसं बोलायला लागतंय.

रात्री साडेआठला क्लास सुटतो. आम्ही बाप लोक सव्वाआठपासून गेटबाहेर स्कूटरवर बसतो. माझ्या दिवसातली ही बरी वेळ, हे मान्य करायला पाहिजे. एक बँकेतला आहे, एक बेदाण्याचा अडत्या, एक शिक्षक (तो स्वतः आठवीला गणित शिकवतो आणि गेटबाहेर ते फारसं काढत नाही), आणि एक तासगावकडचा बागायतदार, पोरासाठी इथं खोली घेऊन राहिलेला. समोरच्या भडंगवाल्यानं आमच्यामुळं गाड्याला दुसरा बल्ब लावला. डास आहेत. उघड्या गटारावर त्याच क्लासचा फ्लेक्स टाकलाय, त्यामुळं वास कमी येतो.

बागायतदार कमी बोलतो. एकदा द्राक्षाचा विषय निघाला. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, हे हंगामी. पण काही जण ऑगस्टातच छाटणी धरतात. आगाप. माल लवकर येतो, बाजारात दुसरा माल नसतो, दर मनासारखा गावतो.

"आणि पाऊस?" अडत्यानं विचारलं.

"तेच की. फुलोऱ्यात पाऊस घावला की कूज. डाऊनी येती. औषध मारून मारून हात पिवळं, बाग हिरवीगार, घड एक न्हाई. आमच्या गावात धा जण आगाप धरत्यात. एकाला पैसं हुत्यात, मग त्येचाच फोटो औषधवाला दुकानात लावतो."

"तुमची छाटणी कधी?" मी विचारलं.

"ऑक्टोबर. हंगामी. बागेला कशाला रिस्क घ्यायची?"

"आणि पोरगं कितवीत?"

"सातवीत. यायला जरा उशीरच झाला, म्हंत्यात."

त्यानं भडंगाचा कागद माझ्यापुढं केला. मी मूठभर घेतलं. आत घंटा झाली, आणि 'फ्यूचर आयआयटीयन' असं पाठीवर लिहिलेली शंभरेक पोरं गेटातून बाहेर पडली. सगळ्यांच्या पाठी सारख्याच असल्यानं आपलं पोर ओळखायला बापांना पाचेक मिनिटं लागतात. बागायतदार चपलांवरून ओळखतो.

परवा बुधवारी, जेवण होऊन पाठ टेकतोय तोवर, दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी डोळे न उघडताच सांगितलं, आठवीत, सेमी-इंग्लिश, लावलंय. पण दाजी होते. आवाज उतरलेला. त्यांची थोरली, माझी भाची, कराडला असते. तिला दिवस गेलेत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, काही कमीजास्त झालं.

"डॉक्टरांनी तारीख दिली," दाजी म्हणाले. "तीन जानेवारी."

मी अभिनंदन केलं.

"अहो, अभिनंदन काय? पहिलीला 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. तीन दिवसांनी हुकतंय. अख्खं वर्ष मागं पडलं पोर, यायच्या आधीच." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागून आक्काचा आवाज येत होता, येऊ दे की त्याचं ते निवांत. मग दाजी हळू आवाजात म्हणाले, "मिरजेला तुमच्या ओळखीचं कुणी मोठं डॉक्टर आहे का? चार दिवस अलीकडं घेता येतं का, नुसतं विचारायचं."

मी विचार केला. तीन-चार उत्तरं सुचली. एकाचीही खात्री वाटेना, म्हणून प्रश्न सोडून दिला.